सिंधूची शेवटची साक्ष

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी नाटकाविषयी काही लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाने आम्हांस केली. परमुलखातील मराठी माणसाला गणेशोत्सवात निदान एखादा अंक तरी रंगमंचावर उभा राहिल्याशिवाय उत्सव पार पडला असे वाटत नाही, आणि आपले मंडळही या खोडीला अपवाद नाही. विषयाची निवड आमच्यावर सोपविली गेली तेव्हा आम्ही फारसा विचार न करता राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' घेतले. हे नाटक मद्यपाननिषेधाचे म्हणून सर्वश्रुत आहे. त्या बाजूविषयी इतके लिहिले गेले आहे की त्यात आम्ही भर घालण्याचे कारण नाही. परंतु हे नाटक मुळात एका नवराबायकोच्या प्रेमाची शोकान्तिका आहे, आणि त्या प्रेमाच्या पोटात अपमान, उपासमार, काठीचा घाव, लेकराचा मृत्यू आणि अखेरीस विष एवढे सारे भरलेले आहे. घराच्या उंबऱ्याआड चाललेली ही हिंसा आपल्या आज्यापणज्यांनी डोळ्यांस पदर लावून पाहिली. त्यांचे डोळे नेमके कोठे भरून आले आणि का, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या नाटकाशी जबलपूरकरांचे एक दूरचे नाते आहे, ते आधी सांगून टाकतो. गडकरी जन्मले गुजरातेत नवसारीस, वाढले आणि लिहिते झाले पुण्यात. पण त्यांनी देह ठेवला तो सावनेर येथे, २३ जानेवारी १९१९ रोजी, थोरल्या बंधूंच्या घरी. सावनेर हे गाव नागपुराहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. त्या काळी सावनेर, नागपूर, छिंदवाडा आणि आपले जबलपूर ही सारी मध्यप्रांत व वऱ्हाड या एकाच प्रांतातील गावे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर व वऱ्हाड मुंबई राज्यात गेले, आपण मध्य प्रदेशात राहिलो, आणि नागपूरचे उच्च न्यायालय उठून जबलपुरास आले. त्याच्या पाठोपाठ तिकडची काही मराठी घरेही येथे आली. तेव्हा महाराष्ट्राबाहेर राहूनही गडकऱ्यांचा शेवटचा मुक्काम आपल्याच जुन्या प्रांतात होता, असे म्हणण्याचा हक्क आपणांस पोहोचतो. नाटकाचा नायक वकील आहे, हा निव्वळ योगायोग. परंतु उच्च न्यायालयाच्या गावात तो ध्यानात राहतोच.

रंगभूमीवर माणूस मरताना दाखवावा की नाही, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना. भरताच्या नाट्यशास्त्राने युद्ध, राज्यभ्रंश, नगराचा वेढा आणि मरण या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, त्या कोणाच्या तरी मुखातून कळवाव्यात, असा दंडक घातला. भासाच्या 'ऊरुभंगा'त दुर्योधन प्रेक्षकांसमोर प्राण सोडतो हे खरे. परंतु भासाची नाटके त्रिवेंद्रमच्या गणपतिशास्त्र्यांनी १९१२ पासून छापून प्रसिद्ध करीपर्यंत ती आपल्या मंडळींच्या दृष्टीस पडलीच नव्हती. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले. त्यांच्या खेळांतून राक्षस 'अलल्डुर्र' करीत नाचत येत आणि देवांच्या हातून मार खात. ती हिंसा सोंगाची होती. तिने मुले दचकत, पण कोणाच्या घरची आठवण होत नसे.

पुढे विनायक जनार्दन कीर्तने यांचे 'थोरले माधवराव पेशवे' १८६१ साली आले. तेथे पहिल्यांदा आपल्याच इतिहासातील एक तरुण जोडपे मराठी प्रेक्षकांसमोर मृत्यूच्या वाटेला लागले. माधवरावांचा आजार, थेऊरचा अंत, आणि रमाबाईंचे सहगमन. इतिहासात ही घटना १७७२ ची. प्रेमाची परमावधी म्हणजे पत्नीने पतीबरोबर जळणे, ही कल्पना त्या वेळच्या प्रेक्षकाला शिकवावी लागत नव्हती. ती त्याच्या मनात होतीच. मात्र सहगमन कायद्याने बंद होऊन त्या वेळी तीस वर्षांवर काळ लोटला होता, हेही विसरता येत नाही. जे प्रत्यक्षात गुन्हा ठरले होते, ते रंगभूमीवर पूज्य होते. कायदा आणि प्रेक्षकाचे अश्रू यांच्या वाटा अशा वेगळ्या पडण्याची ही सुरुवात आहे, आणि 'एकच प्याला'पर्यंत हीच गोष्ट आपणांस पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

आता शेक्सपिअरकडे वळणे भाग आहे, कारण नवऱ्याच्या हातून मरणारी नायिका मराठी रंगभूमीवर आली ती त्याच्या बोटाला धरून. महादेवशास्त्री कोल्हटकर यांचे 'ऑथेल्लो'चे भाषांतर १८६७ साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर गोविंद बल्लाळ देवल यांनी त्याच नाटकाला मराठी वेष चढवून 'झुंझारराव' रचले. ते १८९० चे. ऑथेल्लोचा झुंझारराव झाला, डेस्डिमोनाची कमळजा झाली आणि कपटी आयागोचा जाधवराव. पुढे शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशांनी ही भूमिका अशी काही केली की झुंझारराव म्हटले की गणपतराव, असे समीकरण होऊन बसले.

'झुंझारराव'चे साल आम्हांस मोठे अर्थपूर्ण वाटते. मुंबईस रखमाबाईंचा खटला नुकताच गाजून गेला होता. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी मोठेपणी नवऱ्याच्या घरी नांदावयास जाण्यास नकार दिला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी नवऱ्याचा दावा फेटाळला. अपिलात तो निर्णय फिरला. १८८७ च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी, नांदावयास जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात, असा हुकूम केला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ साली पैशाने तडजोड झाली, त्या विलायतेस गेल्या आणि डॉक्टर होऊन परत आल्या. त्याच्या मागोमाग संमतिवयाच्या विधेयकावरून पुण्यात लोकमान्यांचा पक्ष आणि सुधारकांचा पक्ष एकमेकांवर तुटून पडले. १८९१ साली तो कायदा झाला. घराच्या आत नवऱ्याचा अधिकार किती आणि तेथे सरकारने पाऊल टाकावे काय, हा प्रश्न सभांतून आणि वर्तमानपत्रांतून एवढा पेटलेला असताना, नाटकगृहात मात्र एक पुरुष निरपराध बायकोचा जीव घेत होता आणि सुधारक व सनातनी शेजारी शेजारी बसून ते पाहू शकत होते. परक्या देशाची कथा मराठी पागोट्यात आली म्हणजे एवढी सवलत मिळते. शिवाय तेथे जाधवराव होता. सारा दोष त्याच्या माथी मारून प्रेक्षक झुंझाररावाला माफ करून घरी जाऊ शकत होता.

ऑथेल्लोच्या कथेतील एका तपशिलाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो, कारण आमच्या म्हणण्याचा धागा तेथूनच निघतो. शेक्सपिअरने ही कथा चिंथिओ नावाच्या इटालियन लेखकाच्या १५६५ सालच्या कथासंग्रहातून उचलली. तेथे मूर आणि त्याचा कपटी हाताखालचा अधिकारी दोघे मिळून त्या बिचारीला वाळूने भरलेल्या पायमोज्याने मारतात आणि मग छताची लाकडे तिच्या अंगावर पाडतात. हेतू हा की, छत कोसळून बाई मेली, असे लोकांना वाटावे. म्हणजे मूळ कथेत अपघाताचा बनाव आहे आणि तो मारेकऱ्यांनी रचलेला आहे. शेक्सपिअरने तो बनाव काढून टाकला. त्याच्या नाटकात मरणोन्मुख डेस्डिमोनेला तिची दासी एमिलिया विचारते की हे कोणी केले, आणि ती सांगते की कोणी नाही, माझे मीच. नवऱ्याला वाचविण्यासाठी ती शेवटच्या श्वासात खोटे बोलते. खोटेपणा मारणाऱ्याच्या हातातून काढून मरणारीच्या ओठांवर ठेवला, हा त्या कवीचा खरा चमत्कार. आम्ही बी. ए. ला हे नाटक वाचले तेव्हा प्राध्यापकांनी रुमालावर आणि मत्सरावर दोन महिने घालविले. या एका वाक्यावर ते थांबले असते तर बरे झाले असते.

पण शेक्सपिअरने तेथे एमिलियाही ठेवली आहे. मालकिणीचे शब्द तिला पटत नाहीत. ती ओरडते, लोक गोळा करते, खरे काय ते बाहेर काढते, आणि ते बाहेर काढताना तिच्या स्वतःच्या नवऱ्याच्या, म्हणजे आयागोच्या, हातून मारली जाते. एकाच खोलीत दोन बायका आपापल्या नवऱ्यांच्या हातून मरतात. एक खोटे बोलून, दुसरी खरे बोलून.

आता 'एकच प्याला'.

सुधाकर हा स्वकष्टाने शिकलेला, बुद्धिमान आणि मानी वकील. सिंधू ही श्रीमंत माहेरची. मुनसफाशी भर कोर्टात खटका उडतो आणि सुधाकराची सनद काही काळापुरती जाते. तो अपमान त्याला पचत नाही. त्याचा कारकून तळीराम त्याला पहिला प्याला देतो, दुःख विसरण्यासाठी, फक्त एकच. पुढील कथा सर्वांस पाठ आहे. ती येथे सांगत बसत नाही. मात्र तळीरामाला जाधवरावाच्या मापाने मोजू नये. जाधवराव कट करतो. तळीराम कट करीत नाही, तो फक्त सोबत मागतो. त्याला मालकाचा सूड घ्यावयाचा नाही. त्याला आर्यमदिरामंडळात आणखी एक सभासद हवा आहे. गडकऱ्यांनी खलपुरुषाला विनोदी करून टाकले, आणि त्यामुळे सुधाकराच्या हातून जे होते त्याचा दोष ढकलावयास प्रेक्षकाला दुसरा खांदाच उरला नाही.

दारूचा प्रश्न त्या वेळी पुण्यात ताजा होता. १९०८ साली टिळकांच्या पुढाकाराने तेथे दारूच्या दुकानांवर निरोधन झाले होते, आणि अबकारीचे उत्पन्न हा सरकारच्या तिजोरीचा मोठा आधार होता. (सरकारी नोकरीत तीसेक वर्षे काढल्यामुळे उत्पन्नाच्या बाबींकडे आमचे लक्ष आधी जाते, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.) परंतु आमच्या मते दारू हे त्या घरातील हिंसेचे वाहन आहे, उगम नव्हे. उगम आहे दुखावलेला मान. बाहेर वरिष्ठासमोर झालेला अपमान पुरुष घरी घेऊन येतो आणि ज्या माणसाकडून प्रत्युत्तराची भीती नाही त्याच्यावर उतरवितो. हे ओळखण्यासाठी दारूच लागते असे नाही. कचेऱ्यांतून आयुष्य गेलेल्या आम्हां मंडळींनी दारूचा थेंब न घेता केलेले असले पराक्रम आमच्या घरच्यांना विचारावेत.

या दृष्टीने नाटक पुन्हा वाचले म्हणजे ध्यानात येते की हिंसा पाचव्या अंकातील काठीपासून सुरू होत नाही. ती त्याच्या पुष्कळ आधी, एका शपथेपासून सुरू होते. सिंधूचा भाऊ पद्माकर तिला माहेरी न्यावयास येतो. सुधाकराच्या मानाला हे सहन होत नाही. माहेरच्या पैशाला हात लावावयाचा नाही, या अटीने सिंधू स्वतःला बांधून घेते आणि नवऱ्याचे पाय सोडून जाण्याचे नाकारते. येथून पुढे त्या घरात जे होते ते कोणा शत्रूच्या हातून होत नाही. जवळच सधन भाऊ आहे, जीव लावणारा रामलाल आहे, मदतीचे हात पुढे आलेले आहेत, आणि तरी ती बाई दुसऱ्यांचे दळण दळून लेकराला वाढविते, कारण नवऱ्याचा मान मोडता कामा नये. सुधाकराने तिला तोवर बोट लावलेले नसले तरी आम्ही या प्रकाराला मारहाणच म्हणू. रंगभूमीवर जात्याची घरघर ऐकून ज्या बायका मुसमुसत, त्यांना हे कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

ती भूमिका बालगंधर्वांनी केली, हाही इतिहासातील मोठा योग. शालू आणि पैठण्यांनी रंगमंच उजळून टाकणारा हा नट येथे फाटक्या, ठिगळ लावलेल्या लुगड्यात उभा राहिला. ज्यांच्या नेसण्याची, केशभूषेची नक्कल घराघरांतून होत असे, त्यांना त्या अवस्थेत पाहणे हाच प्रेक्षकाला पहिला धक्का होता. गणपतराव बोडसांनी सुधाकर उभा केला. गडकऱ्यांच्या हातून पदे व्हावयाची राहिली होती, ती विठ्ठल सीताराम गुर्जरांनी रचली. नाटक संगीत, आणि तेही बालगंधर्वांचे. त्यामुळे काही प्रयोगांत गाण्याच्या भरात त्या संसाराची होरपळ मागे पडत असावी, असा आम्हांस संशय आहे. वेदना सुरेल झाली म्हणजे ती सहन करण्याजोगी होते, आणि प्रेक्षक तिला पुन्हा एकदा म्हणून सांगतो.

गीता या पात्राला रंगभूमीने थोडे स्वस्तात काढले आहे. ही तळीरामाची बायको. तोंडाने फटकळ, नवऱ्याच्या व्यसनाला उघड बोल लावणारी. प्रेक्षक तिला हसतात. सिंधू जे सोसते तेच गीताही सोसते; पण एक सोसून गप्प बसते म्हणून देवता, आणि दुसरी सोसून बोलते म्हणून विनोदी पात्र. एमिलियाचे रक्त तिच्यात होते, एवढेच आम्ही म्हणतो. गडकऱ्यांनी तिला शेवटच्या प्रवेशात सिंधूच्या उशाशी बसवून फौजदाराशी बोलू दिले असते तर काय झाले असते, हा विचार आम्ही अनेकदा केला आहे.

कारण शेवटच्या अंकात फौजदार येतो. धुंद सुधाकराच्या काठीने लेकरू गेलेले आहे, सिंधू मरणाच्या दारात आहे. फौजदार तिचा जबाब घेतो. आणि सिंधू सांगते की हा अपघात आहे; नवऱ्याचा यात काही संबंध नाही.

येथे वाचकांनी घटकाभर थांबावे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात बत्तिसावे कलम होते; मरणारा माणूस आपल्या मरणाच्या कारणाविषयी जे सांगून जातो, ते त्याच्या पश्चात न्यायालयात पुरावा म्हणून चालते. (आता तो कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ हा १ जुलै २०२४ पासून आला आहे; ती तरतूद त्याच्या सव्विसाव्या कलमात कायम आहे.) त्यामागील श्रद्धा अशी की, मरणारा माणूस मुखात असत्य घेऊन परमेश्वरासमोर उभा राहणार नाही. गडकऱ्यांनी नेमक्या याच श्रद्धेवर घाव घातला आहे. सिंधूइतकी धर्मभीरू बाई मराठी नाटकात दुसरी नाही, आणि ती मरताना सरकारी अंमलदारासमोर धडधडीत खोटे बोलते. तिला ते पाप वाटत नाही. तिच्या लेखी तोच धर्म आहे. दंडविधान काय म्हणते, स्वखुषीने घेतलेली नशा गुन्ह्याची सबब होत नाही हे कलम कितवे, याच्याशी तिला कर्तव्य नाही. चिंथिओच्या कथेत मारेकऱ्यांनी अंगावर छत पाडून जो अपघात रचला, तो येथे मरणारीने स्वतः, आपल्या तोंडाने, लेकराचे प्रेत समोर असताना रचला.

आणि प्रेक्षक रडतो तो येथेच. जुन्या मंडळींना विचारा. काठीच्या प्रसंगी ते हबकत, पण डोळ्यांना पाणी येई ते जबाबाच्या वेळी.

या प्रवेशावरून आमच्या मंडळात काही वर्षांपूर्वी चांगलाच वाद झाला. उत्सवात पाचवा अंक बसवावा असे ठरत होते. वाचन चालू असता कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीने विचारले, "काका, पोलीस घरी आलेत, भाऊ उभा आहे, मग ही खरं का सांगत नाही?" एका ज्येष्ठ बाईंनी तिला पातिव्रत्याचा अर्थ समजावून सांगितला. मुलीने ऐकून घेतले आणि म्हणाली, "मावशी, माझ्या बाबतीत असं झालं तर मी काय सांगावं असं तुम्हांला वाटतं?" मावशींनी उत्तर दिले नाही. त्यांनी पुस्तक मिटले, चष्मा काढला आणि चहा टाकावयास आत गेल्या. त्या वर्षी तो अंक झाला नाही. त्याऐवजी 'भावबंधना'तील एक हलकाफुलका प्रवेश झाला. आम्हांस स्वतःला दोघींचेही खरे वाटले, आणि त्यामुळेच हा लेख लिहावासा वाटला.

मुलीचा प्रश्न कायद्यानेही विचारला, पण पुष्कळ उशिरा. १९८३ साली भारतीय दंडविधानात ४९८-अ हे कलम आले आणि नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेला छळ हा स्वतंत्र गुन्हा ठरला. त्याच वर्षी पुराव्याच्या कायद्यातही एक तरतूद घातली गेली. लग्नाला सात वर्षे होण्याच्या आत विवाहितेने आत्महत्या केली आणि तिचा छळ झाल्याचे दिसून आले, तर तिला कोणी प्रवृत्त केले याविषयी न्यायालयाने अनुमान करण्यास मोकळीक मिळाली. १९८६ साली हुंडाबळीसाठी असेच, पण अधिक कडक अनुमान आले. या तरतुदींचा अर्थ आमच्या भाषेत असा की, राज्याने प्रथमच कबूल केले की ती स्वतः सांगणार नाही, तिच्या सांगण्यावर विसंबता येत नाही. २००५ साली कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा झाला. गडकऱ्यांच्या फौजदाराजवळ यांतील काही नव्हते. त्याच्याजवळ एक कागद होता आणि एक मरणारी बाई जे सांगेल ते त्यावर लिहून घेणे एवढेच त्याच्या हातात होते.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की गडकऱ्यांनी स्त्रीला सोसण्याचा आणि खोटे बोलण्याचा उपदेश केला. असा आरोप आमच्या कानांवर आलेला आहे. आम्हांस तो मान्य नाही. त्यांना फक्त पतिव्रतेचे चित्र रंगवावयाचे असते तर फौजदाराला घरात आणण्याचे कारण नव्हते. सिंधू नवऱ्याच्या मांडीवर डोके ठेवून निमूट मेली असती तरी प्रेक्षक रडलाच असता. नाटककाराने मुद्दाम कायदा रंगमंचावर आणला, त्याला प्रश्न विचारावयास लावले, आणि सर्वांच्या देखत त्याला रिकाम्या हाताने परत पाठविले. घटना घडताना प्रेक्षकांनी ती पाहिलेली आहे. फौजदाराने पाहिलेली नाही. म्हणजे त्या नाटकगृहात खरे ठाऊक असलेले साक्षीदार खुर्च्यांवर आणि जाजमांवर शेकड्यांनी बसलेले असतात आणि त्यांपैकी एकही उठून बोलत नाही. नाटकात तसे बोलावयाचे नसते हे खरेच. पण शेजारच्या घरातून रात्री येणारा आवाज ऐकूनही आपण असेच बसून असतो, हे त्या रडणाऱ्या प्रेक्षकाला ठाऊक नव्हते काय? आमच्या मते त्या अश्रूंत थोडा वाटा या जाणिवेचाही होता.

सुधाकराला कायदा सोडून देतो आणि त्याची सुटका मात्र होत नाही. तो दारूत विष कालवितो आणि शेवटचा एकच प्याला घेतो. ऑथेल्लोनेही आपला निवाडा आपणच केला होता, खंजिराने. दोन्ही ठिकाणी बायकोने खोटी साक्ष देऊन वाचविलेला जीव नवऱ्याला पेलवत नाही. फरक एवढाच की ऑथेल्लोला मरण्याआधी आपल्या कीर्तीविषयी चार शब्द बोलावेसे वाटतात. सुधाकर वकील होता. जबाब म्हणजे काय आणि त्याचे मोल किती, हे त्या खोलीत फौजदाराखालोखाल त्यालाच कळत होते. सिंधूने उच्चारलेला एकेक शब्द खोटा आहे आणि तरी तो टिकणार आहे, हे त्याने ऐकता ऐकता ओळखले असेल. गडकऱ्यांनी नायकाला वकिली का दिली, याचा उलगडा आम्हांस या ठिकाणी होतो.

मराठी रंगभूमीवर घरातील हिंसा त्यानंतरही येत राहिली. विजय तेंडुलकरांच्या 'गिधाडे'ने १९७० साली आणि 'सखाराम बाइंडर'ने १९७२ साली ती इतकी उघडी करून दाखविली की परिनिरीक्षण मंडळाशी झगडे झाले. तेथे कोणी कोणासाठी खोटी साक्ष देत नाही, आणि प्रेक्षक रडत नाही. अंग चोरून बसतो. आमच्या पिढीला दोन्ही प्रकारची नाटके पाहावयास मिळाली. रखमाबाई ९० वर्षांच्या होऊन १९५५ साली वारल्या. म्हणजे सिंधू रंगभूमीवर पतीचे पाय न सोडता मरत होती त्या पहिल्या वर्षांत, नवऱ्याचे घर नाकारून तुरुंगास तयार झालेली ही बाई गुजरातेत बायकांचे दवाखाने चालवीत होती.

जबाबाचा तो प्रवेश प्रेक्षकांत काय उलथापालथ करील, हे पाहणे गडकऱ्यांच्या नशिबी नव्हते. गंधर्व नाटक मंडळीने 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग बडोद्यास केला, २० फेब्रुवारी १९१९ रोजी. सावनेरला नाटककाराची चिता विझून त्या दिवशी २८ दिवस झाले होते.